लेक पॅथॉलॉजी घेतेय म्हणजे नक्की काय घेतेय?

पत्र:

डॉक्टरताई, नमस्कार. मी फोंडा तालुक्यातली, आमचं सुपारीचं कुळागर आहे, मिस्टर नोकरीत. मुलगी एमबीबीएस झाली तेव्हा सगळ्या वाड्यावर पेढे वाटले. आता तिला एमडीला पॅथॉलॉजी मिळतेय आणि ती म्हणते हेच मला हवं होतं, पहिल्या नंबरवर हेच घातलेलं. मागच्या महिन्यात सासूबाईंचं रक्त तपासलं, लॅबमध्ये एका मुलाने सुई टोचली, संध्याकाळी कागद दिला, हिमोग्लोबिन ८.९ म्हणून, लोहाच्या गोळ्या चालू केल्यात. डॉक्टर तिथे कुणी दिसलाच नाही. एवढं शिकून माझी मुलगी हेच करणार? सासूबाई म्हणतात, "रगत काडपी जातली गो ही", म्हणजे रक्त काढणारी होणार ही. जाऊबाईंनी मोबाईलवर शोधून सांगितलं की मराठीत ह्याला विकृतिशास्त्र म्हणतात, ते ऐकून तर घरात अजूनच बिनसलं. रागाच्या भरात मी तिला म्हटलं, मेलेल्यांची कापाकापी करायला तुला शिकवलं काय. चार दिवस झाले, धड बोलत नाही माझ्याशी. तिला कसं समजावू?
- एक आई

उत्तर:

ताई, तुमचं पत्र आलं त्या दिवशीच वाचलं पण लगेच लिहायला बसले नाही, कारण मी स्वतः ३१ वर्षं पॅथॉलॉजीच केलीय आणि पहिल्या वाचनात मला तुमचा थोडा रागच आला, मग दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कळलं की तुमची काही चूक नाही, तुम्हाला हे कुणी नीट सांगितलेलंच नाही. माझ्या आईलाही मी कधी नीट सांगितलं नव्हतं. ती शेवटपर्यंत शेजारणींना "आमची बाय लॅबमध्ये असते" एवढंच सांगायची. त्यामुळे आज जरा लांबलचक लिहिणार आहे, वाचा.

तुम्ही विचारलंय की मुलीला कसं समजावू. मला वाटतं आधी आपण समजून घेऊया.

तुम्ही पाहिलं ते रक्त घेण्याचं काउंटर. तुमच्या फोंड्याचंच उदाहरण देते, कुणी देवळासमोरच्या दुकानातून फुलं आणि ओटीचं सामान घेऊन तिथूनच परत फिरला आणि घरी येऊन म्हणाला की देऊळ बघून आलो, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? रक्त घेणारा तो मुलगा टेक्निशियन किंवा फ्लेबोटॉमिस्ट असतो, त्याचंही शिक्षण असतं, त्याचा हात चांगला असला तर म्हाताऱ्या माणसाची बारीक शीरसुद्धा पहिल्या टोचणीत सापडते, त्याला कमी लेखायचं नाही. पण तुमची मुलगी शिकणार ते वेगळं. ती एमबीबीएस नंतर ३ वर्षं फक्त एकच गोष्ट शिकणार आहे, ती म्हणजे रोग. रोग म्हणजे काय, तो कशामुळे होतो, शरीरात शिरल्यावर काय काय करत जातो. पॅथॉलॉजी शब्दाचा अर्थच तो. ग्रीक भाषेत पाथोस म्हणजे दुखणं, सोसणं, आणि लॉगोस म्हणजे त्याबद्दलचा विचार, अभ्यास. दुखण्याचा अभ्यास. रक्त, लघवी, तुकडे ही सगळी त्या अभ्यासाची साधनं झाली.

आता विकृतिशास्त्र. ह्या शब्दाने घरात वातावरण का बिघडलं ते मी समजू शकते, कारण हल्ली विकृत म्हटलं की पेपरातल्या घाणेरड्या बातम्याच डोळ्यासमोर येतात. पण जाऊबाईंना सांगा की आपण फोनवर पहिला प्रश्न काय विचारतो, "प्रकृती कशी आहे?" त्या प्रकृतीच्या समोरचा शब्द म्हणजे विकृती. जे जसं असायला हवं ते तसं राहिलं नाही, बदललं, एवढाच त्याचा अर्थ. शब्द जुना आहे, स्वच्छ आहे, आपणच तो मळवलाय. आणि आपल्याकडे हा अभ्यास इंग्रजांनी किंवा पोर्तुगिजांनी आणला असंही नाही, आयुर्वेदात माधवनिदान नावाचा आख्खा ग्रंथ फक्त रोग ओळखण्यावर आहे, त्यात औषधोपचार नाहीतच म्हटलं तरी चालेल. वैद्य लोक निदानाची पाच अंगं सांगतात, निदान म्हणजे कारण, पूर्वरूप म्हणजे रोगाची आधी लागणारी चाहूल, रूप म्हणजे लक्षणं, उपशय म्हणजे कशाने बरं वाटतं ते बघून ओळखणं, आणि संप्राप्ती म्हणजे कारणापासून रोग होईपर्यंत आत काय काय घडलं तो सगळा प्रवास. ही संप्राप्ती म्हणजे आमच्या पुस्तकातलं पॅथोजेनेसिस. मला हा शब्द नोकरीत दहा-बारा वर्षं काढल्यावर कळला आणि तेव्हा इतका आवडला की मी वर्गात मुलांना तोच सांगायचे.

सासूबाईंना मात्र ग्रंथ नका सांगू, त्यांना कुळागर सांगा. पावसात सुपारीला कोळेरोग येतो तो त्यांनी जन्मभर पाहिलाय. कोवळी सुपारी डागाळते, देठातून सुटते, सकाळी पोफळीखाली सडा पडलेला असतो. आता एखादा म्हणेल गळली सुपारी, नशीब आपलं. पण कुणीतरी कधीतरी बसून विचारलं ना, की ही का गळते? तर बुरशीसारखा एक सूक्ष्म जीव आहे, तो एक. त्याला सतत ओल आणि गारवा लागतो म्हणून तो पावसात माजतो, हे दोन. तो घोसात शिरला की देठाजवळ कुजायला लागतं, हे तीन. आणि मग सुपारी गळते, जे आपल्याला दिसतं, हे चार. एवढं कळल्यावरच पाऊस लागायच्या आधी बोर्डो मारायचं हे ठरलं, मोरचूद आणि चुना, आणि मग पावसात साधारण दीड महिन्याने परत एकदा. गळायला लागल्यावर धावाधाव करून फारसा उपयोग नाही हे तुमच्याकडच्या फवारणीवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही. झाडांच्या ह्या शास्त्राला प्लांट पॅथॉलॉजी म्हणतात आणि माणसांच्या पॅथॉलॉजीतही प्रश्न हेच चार. कारण काय, ते आत कसं कसं पसरलं, शरीरात काय बदललं, आणि पेशंटला काय जाणवलं. तुमची मुलगी ३ वर्षं हे चार प्रश्न शेकडो रोगांना विचारायला शिकणार आहे.

थोडा इतिहास सांगते, कारण त्याशिवाय ह्या कामाची उंची कळत नाही. फार पूर्वी लोकांना वाटायचं की शरीरातले रस बिघडले की आख्खा माणूस आजारी पडतो. इटलीत पदुआला मॉर्गान्यी नावाचे प्राध्यापक होते, त्यांनी आयुष्यभर पेशंटच्या तक्रारी लिहून ठेवल्या आणि तो माणूस गेल्यावर शवविच्छेदन करून आत काय झालं होतं ते शेजारी लिहिलं, अशा साधारण ७०० केसेस, आणि १७६१ साली वयाच्या ७९ व्या वर्षी ते पुस्तक काढलं. त्यातून पहिल्यांदा ठामपणे कळलं की रोगाला जागा असते, दुखणं ह्या अवयवात आहे, हे इथे बिघडलंय. मग १८५८ साली बर्लिनच्या व्हिर्चो ह्यांनी अजून आत नेलं, म्हणाले अवयव राहू द्या, रोग पेशीत असतो, आणि प्रत्येक पेशी आधीच्या पेशीतूनच येते. आज आपण कॅन्सरच्या पेशी वगैरे सहज बोलतो ना, ते त्या विचारावर उभं आहे.

तुम्ही मेलेल्यांची कापाकापी म्हणालात. ताई, ह्या एका वाक्याबद्दल मला तुमच्याशी भांडायचं आहे. एक तर पोलीस केसचं पोस्टमॉर्टेम हा वेगळा विभाग असतो, फॉरेन्सिक, तुमच्या मुलीचं मुख्य काम ते नाही, तिच्यासमोर येणारे बहुतेक नमुने जिवंत माणसांचे असणार आणि ती माणसं बाहेर कुठेतरी रिपोर्टची वाट बघत असणार. पण दुसरं असं, की जे थोडं काम गेलेल्या माणसांवर होतं त्याला तुच्छ मानू नका. मॉर्गान्यींच्या त्या ७०० माणसांमुळे पुढे किती जगली ह्याला मोजदाद नाही. पणजीत म्युनिसिपल गार्डनला गार्सिया द ओर्ताचं नाव आहे, आपण तिथे बसून भेळ खातो, तो पोर्तुगीज डॉक्टर गोव्यात राहायचा, १५६३ साली त्याचं पुस्तक गोव्यातच छापलं गेलं आणि त्यात त्याने इथे पाहिलेल्या कॉलऱ्याचं वर्णन केलंय, माणूस कसा आटत जातो, किती झपाट्याने जातो. औषध हातात नसताना निदान रोग नीट बघून लिहून तरी ठेवला. आणि आपल्या देशात ह्या शास्त्राचा पाया घालणारे डॉक्टर वसंत रामजी खानोलकर, आडनाव आपल्याच बाजूचं, खानोली तिकडे वेंगुर्ल्याला. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या प्रयोगशाळा त्यांनी उभ्या केल्या, कॅन्सर आणि कुष्ठरोगावर काम केलं, पद्मभूषण मिळालं. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणतात त्यांना. सासूबाईंना हे नाव जरूर सांगा.

आता प्रत्यक्ष काम काय ते जवळून दाखवते, कारण "लॅबमध्ये मशीन सगळं करतं" हे मी इतक्यांदा ऐकलंय.

समजा कुणाच्या तरी गाठीचा तुकडा काढला. तो लगेच फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात, टाकावा लागतो, नाहीतर तो आपल्याच रसांनी आतून कुजायला लागतो, उन्हाळ्यात तर बघायलाच नको. एकदा एका छोट्या नर्सिंग होममधून एका बाईच्या गर्भाशयाचा तुकडा आला, लोणच्याच्या बरणीत, बरणी स्वच्छ धुतलेली, झाकणाला मात्र अजून हिंग-मोहरीचा वास, आणि आत फॉर्मलिन नाही, साधं सलाईन. कुणाला तरी वाटलं सलाईन म्हणजे चांगलंच असणार. मध्ये शनिवार-रविवार आला. सोमवारी मी स्लाईड लावली तर पेशींच्या नुसत्या सावल्या, आत केंद्रकं दिसतच नाहीत, काहीच सांगता येईना. त्या बाईला परत सगळं करावं लागलं, परत भूल, परत खर्च, परत ती वाट बघणं. तिचा नवरा माझ्यासमोर उभा होता, ओरडला नाही, फक्त बरणीकडे बघत राहिला. त्यानंतर मी आमच्या भागातल्या प्रत्येक नर्सिंग होमला फॉर्मलिनच्या बाटल्या स्वतः भरून पाठवायला लागले, आणि तुमच्या घरात कधी कुणाची बायोप्सी झाली तर तुकडा कशात ठेवलाय हे बिनधास्त विचारा, विचारायचा हक्क आहे.

तर तुकडा फॉर्मलिनमध्ये मुरला की पॅथॉलॉजिस्ट तो हातात घेऊन बघतो, मोजतो, कापतो, नेमका कुठला भाग घ्यायचा ते ठरवतो, कापलेल्या कडेला शाई लावतो म्हणजे नंतर सांगता येतं की गाठ कडेपर्यंत पोचली होती की पूर्ण निघालीय. ह्याला ग्रॉसिंग म्हणतात. मग त्या तुकड्यातलं पाणी अल्कोहोलने काढायचं, मग झायलीन, मग पातळ केलेलं पॅराफिन मेण आत मुरवायचं, हे सगळं बहुतेक रात्रभर चालतं. सकाळी मेणाचा ठोकळा तयार, तो मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्रावर, लावायचा आणि कापायचा ३ ते ५ मायक्रॉन, म्हणजे केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरली तर केसाच्या जाडीच्या पंधरा-वीस पट पातळ. पात्यातून मेणाची रिबीन निघते, दुधावरच्या सायीपेक्षा नाजूक, पंख्याचा वारा लागला तरी उडून जाते म्हणून आम्ही ऐन मे महिन्यात पंखा बंद करून घामाघूम व्हायचो. ती रिबीन कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या सुटून पसरते, मग काच खालून तिरकी सरकवून ती अलगद उचलायची. मग रंग. हिमॅटॉक्सिलिन, हे मेक्सिकोकडच्या एका झाडाच्या लाकडापासून काढतात, त्याने पेशीचं केंद्र निळं-जांभळं होतं, आणि इओसिनने बाकीचं गुलाबी. जगभरात कुठेही जा, हेच दोन रंग. आणि मग ती काच पॅथॉलॉजिस्टसमोर येते.

इथपर्यंत बरंचसं टेक्निशियनच्या हातांवर आणि मशीनवर चालतं. पुढचं डोळ्यांचं आणि डोक्याचं. समोर फक्त निळं आणि गुलाबी असतं ताई, त्यातून ओळखायचं की ह्या पेशी शिस्तीत उभ्या आहेत की शिस्त मोडून भलतीकडे घुसल्यात, केंद्रं एकसारखी आहेत की वेडीवाकडी, ही नुसती सूज आहे की टीबी की कॅन्सर, आणि कॅन्सर असला तर कुठला. कधीकधी ह्या दोन रंगांनी भागत नाही, मग अजून खास रंग लावायचे, त्यात अजून दिवस जातात. हाड असलं तर ते आधी ॲसिडमध्ये मऊ करावं लागतं. लोक काउंटरवर चिडतात की एवढ्याशा तुकड्याला आठ दिवस कसले, त्यांना हे माहीत नसतं, आणि आम्हीही कधी बाहेर येऊन सांगत नाही, ही आमची चूक. उलट ऑपरेशन चालू असताना मधेच तुकडा आला तर तो गोठवून कापतात आणि वीसेक मिनिटांत सांगावं लागतं, तिकडे सर्जन हातमोजे घालून थांबलेला असतो, पेशंट भुलीत. फोनवर तो एक शब्द उच्चारताना तोंड कोरडं पडतं, पहिल्या वर्षीही आणि तिसाव्या वर्षीही.

आणि पेशंटशी संबंध येत नाही असं समजू नका. गाठीत सुई घालून तपासतात ना, ती सुई पुष्कळदा पॅथॉलॉजिस्टच घालतो. एक विशीतला मुलगा आला होता, डिचोलीकडचा, मानेला गाठी, बारीक ताप, वजन उतरलेलं. घरच्यांनी कॅन्सर धरूनच टाकला होता, कुणी म्हणे मुंबईला न्या, कुणी अजून कुठलं औषध सुचवलेलं. सुई घातली, सिरिंजमध्ये जाडसर पिवळट ओशट आलं तेव्हाच मनात पाल चुकचुकली, मायक्रोस्कोपखाली बघितलं तर टीबीची खूण, मेलेल्या पेशींचा चिजासारखा भुगा आणि कडेने टीबीत दिसणाऱ्या लांबट पेशी. नंतर जंतूही सापडले. बापाला सांगितलं की हा टीबी दिसतोय, सहा महिने गोळ्या, फुकट मिळतात, एकही दिवस चुकवायचा नाही. तो माणूस मला परत परत एकच विचारत होता, "औषध आहे ना पण, डॉक्टर? औषध आहे ना?" रोगाचं नाव बदललं की त्या घराचं पुढचं सगळं बदलतं. ते नाव ठरवायचं काम तुमच्या लेकीने मागितलंय.

आपल्या सत्तरी तालुक्यातल्या माकडतापाचंच घ्या. २०१५ च्या काजूच्या हंगामात लोक तापाने फणफणले, माकडं मरून पडलेली, माणसं म्हणणार माकडांनी रोग आणला. पण हा रोग १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याकडे क्यासनूरच्या जंगलात सापडलेला होता, तेव्हाच शोधून ठेवलेलं की ह्याचा व्हायरस गोचिडीतून येतो, माकड बिचारं आपल्यासारखंच बळी. त्यामुळे काजू वेचायला जाताना अंग झाकायचं, आल्यावर गोचिडी बघायच्या, हे सांगता आलं. ते काम व्हायरसवाल्यांचं, माझ्या मायक्रोस्कोपचं नाही, पण प्रश्न तेच चार.

आता तुमच्या मनात जे आहे पण पत्रात लिहिलं नाही ते. पैसा, लग्न, नाव. खरं तेच सांगते. दारात पाटी लावून पेशंटची रांग लागणं हे ह्या शाखेत नाही. गावात कुणी "तुमच्या लेकीने मला बरं केलं" असं म्हणायला येणार नाही, कारण रिपोर्टवर सही तिची असली तरी आभार सर्जनचे मानले जातात. मान आणि डोळे दुखतात, माझी मान आजही दुखते. फॉर्मलिनचा वास केसात बसतो. मोठ्या लॅब कंपन्या आल्यापासून स्वतःची छोटी लॅब चालवणं पूर्वीइतकं सोपं राहिलं नाही. आणि सगळ्यात जड म्हणजे चूक झाली तर ती कागदावर राहते, काच कपाटात राहते, दहा वर्षांनीही कुणी काढून बघू शकतं. हे सगळं तिला माहीत आहे का, हे तुम्ही आई म्हणून विचारायलाच हवं. दुसऱ्या बाजूने, रात्री-बेरात्री धावाधाव कमी, मेडिकल कॉलेजात शिकवायची संधी, ब्लड बँक, कॅन्सर हॉस्पिटल, पुढे रक्ताच्या रोगांत किंवा कॅन्सरमध्ये अजून शिकायचं तर तेही आहे. आणि २०१७ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की लॅबच्या रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. तुम्हाला त्या दिवशी डॉक्टर दिसला नाही ना, तर घरी तो कागद काढा आणि खाली कुणाची सही आहे, शिक्षण काय लिहिलंय ते बघा. ते नाव दिसलं नाही तर पुढच्या वेळी लॅब बदला.

लग्नाबद्दल एवढंच, की ज्या घराला डॉक्टर सून हवीय पण ती काय करते ते ऐकून घ्यायचं नाहीय त्या घरात तिला देऊच नका. ह्यावर मी जास्त बोलणार नाही.

एक शंका मात्र मलाही आहे आणि ती तुम्ही काढू शकता. ती पॅथॉलॉजीकडे ओढीने जातेय की पेशंटपासून पळून जातेय? इंटर्नशिपमध्ये मुलं फार सोसतात, वॉर्डात कुणी दगावतं, नातेवाईक अंगावर येतात, आणि मग काही मुलांना वाटतं एक बंद खोली आणि मायक्रोस्कोप बरा. तसं असेल तर तीन महिन्यांत कळतं की ती खोली बंद नाहीये, प्रत्येक काचेवर नंबर असतो आणि त्या नंबरमागे फॉर्मवर नाव, वय, गाव असतं. पहिल्या नंबरवर घातलंय म्हणजे बहुधा ओढच असणार, पण विचारा. "का घेतेस?" असं नका विचारू, त्या स्वरात पुन्हा भांडण होईल. "तुला पहिल्यांदा कधी आवडलं हे?" असं विचारा. माझं सांगते, तेव्हा मेडिकल कॉलेज पणजीत मांडवीकाठी होतं, आता इफ्फी, म्हणजे सिनेमांचा महोत्सव, भरतो ती जुनी बिल्डिंग, तिथे दुसऱ्या वर्षाला सरांनी मलेरियाची स्लाईड लावून दिली आणि लाल पेशीच्या आत ती बारीक अंगठी दिसली, माझ्या शेजारच्या वाड्यावरचा एक माणूस त्याच पावसात तापाने गेला होता, आणि मी कितीतरी वेळ त्या स्टुलावरून उठलेच नाही. तिचीही अशी एखादी गोष्ट असणार. ऐकून घ्या. सीट घ्यायची की नाही हा निर्णय तिचाच, एकदा घेतलेली सीट सोडायचे नियम कडक असतात तेवढं तिला नीट वाचायला सांगा.

आणि त्या वाक्याबद्दल माफी मागा. आईने मुलीची माफी मागायची पद्धत आपल्याकडे नाही हे मला माहीत आहे, तरी मागा, शब्द सापडत नसतील तर सरळ म्हणा, मला कळलं नव्हतं ग, मला दाखव. हल्ली स्लाईडचे फोटो मुलांच्या मोबाईलमध्येच असतात. बसा तिच्या शेजारी आणि बघा ते निळं-गुलाबी.

सुरुवात कुठून करायची तेही सांगते. सासूबाईंचा तो रिपोर्ट कपाटातून काढा आणि तिच्या हातात द्या. हिमोग्लोबिन ८.९ हा आकडा आहे, रोग नव्हे. खाली लाल पेशींचं वर्णन असेल, त्या लहान आणि फिक्या लिहिल्यात का, एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, किती आहे, हे तिला वाचू द्या. पेशी लहान-फिक्या असतील तर लोह कमी असण्याची शक्यता मोठी, पण लोह कमी का? ह्या वयात पाळीचा प्रश्न नाही, मग रक्त जातंय कुठे, जठरात व्रण आहे का, सांधेदुखीच्या गोळ्या रोज खातात का, शौचाला काळं होतं का, आतड्यात काही वाढतंय का, पोटात जंत आहेत का, की खाणंच कमी झालंय. म्हाताऱ्या माणसाचं रक्त कमी झालं की नुसत्या गोळ्या देऊन गप्प बसायचं नसतं, कारण शोधायचं असतं, गोळ्यांनी आकडा वर येईल आणि आतलं तसंच राहील. त्यांना ह्याच आठवड्यात फिजिशियनकडे न्या, लेकीला बरोबर घ्या, आणि तिथे काय विचारायचं ते तिलाच ठरवू दे.